नाव लागलेली द्राक्षं

बस मोन्तेपुल्चानोच्या वेशीपाशी थांबली. सगळे प्रवासी माना वर करून गाव बघत होते आणि नाना मात्र गावाकडे पाठ करून खाली बघत उभे. खाली उतारावर द्राक्षबागा होत्या. सप्टेंबर संपत आलेला, तोडणी चालू होती. दूरवर माणसं ओळीओळींतून वाकून सरकताना दिसत होती.

"वेली लईच ठेंगण्या ठेवल्यात," नाना म्हणाले. "दिवसभर वाकून कमरेचं काय होत असंल यांच्या?"

नाना म्हणजे माझे वडील, त्र्याहत्तर वर्षांचे. निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर बाग आहे, बरीचशी थॉमसन आणि थोडी काळी. चाळीस वर्षं द्राक्षं पिकवली, पण गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे वाइनचा थेंब कधी ओठाला लावलेला नाही. मी पुण्यात असते, धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बोलोन्यात. त्याच्या बाळाला बघायला आम्ही तिघं गेलो होतो. सप्टेंबरात जायचं ठरलं तेही बागेच्या हिशेबानं. खरड छाटणी एप्रिलात उरकलेली, गोडी छाटणी ऑक्टोबरात. बागायतदाराला मोकळे दिवस मिळाले तर ते याच मधल्या काळात. आई नातवाला सोडून हलायला तयार नव्हती. नानांनी एकच मागितलं होतं, "त्यांचा एखादा द्राक्षाचा गाव दाखव. शहर नको."

असे गाव इटलीत टेकडीटेकडीवर आहेत. मी मोन्तेपुल्चानो निवडलं ते त्याच्या नावासाठी. कारण नाव या गोष्टीवरून आमच्या घरात एक जुनी सल आहे, आणि या गावानं नावाचं जे केलंय ते नानांनी बघावं असं मला फार वाटत होतं.

गाव तोस्काना प्रांतात, सिएना जिल्ह्यात. समुद्रसपाटीपासून ६०५ मीटरवर, एका लांबट अरुंद डोंगरधारेवर बसलेलं. एका अंगाला वाल दोर्चाच्या उघड्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला वाल दि क्यानाचं सपाट खोरं. जवळच्या क्यूझीचा राजा पोर्सेना, रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या एत्रुस्कन लोकांचा, यानं ते वसवलं अशी दंतकथा सांगतात. माणसं इतक्या वर चढून का राहिली, याचं एक उत्तर शत्रू हे आहे, आणि दुसरं उत्तर ते खोरं. आज तिथे सूर्यफूल, गहू, मका दिसतो, पण शतकानुशतकं ती दलदल होती, हिवतापाचं घर. लिओनार्दो दा विंचीनं १५०० च्या सुमारास या खोऱ्याचा नकाशा काढला होता, त्यात मध्ये पाणीच पाणी आहे. पुढे हे खोरं कोरडं केलं गेलं त्याची तऱ्हा मी बसमध्ये नानांना वाचून दाखवली. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांना बांध घालून वळवायचं, गढूळ पाणी दलदलीत कोंडून ठेवायचं, गाळ खाली बसला की निवळ पाणी सोडून द्यायचं. असं वर्षानुवर्षं केलं की जमीन उचलत जाते. १८ व्या शतकाच्या अखेरीला व्हित्तोरिओ फोसोम्ब्रोनी नावाच्या जलतज्ज्ञाकडे हे काम आलं आणि त्यानं ते पद्धतशीर चालवलं. या सगळ्यात क्याना नदीची दिशाच उलटी झाली. एके काळी ती दक्षिणेला तिबेर नदीकडे जायची, आता उत्तरेला आर्नोकडे जाते.

नानांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे गाळानं शेत केलं," म्हणाले. धरणातला गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं आणून मुरमाड रानात पसरायचा, हे त्यांनी हातानं केलेलं आहे. नदीची दिशा फिरेपर्यंत ते काम करत राहायचं, हे त्यांना पुढचे दोन तास पुरलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या मनात सगळ्यात आधी आदर उत्पन्न झाला तो त्या गाळाविषयी.

वेशीच्या दरवाजाला पोर्ता अल प्रातो म्हणतात. तिथून जो रस्ता सुरू होतो तो सरळ वर चढत जातो, मध्ये कुठे सपाटी अशी नाहीच. दरवाजातून आत गेलं की एक दगडी खांब आहे आणि त्यावर बसलेला सिंह. हा मार्झोक्को, फ्लॉरेन्सचा सिंह. मोन्तेपुल्चानो हे सिएना आणि फ्लॉरेन्स या दोन बलाढ्य शहरांच्या कात्रीत सापडलेलं गाव. १४९५ मध्ये गावानं फ्लॉरेन्सविरुद्ध उठाव करून सिएनाची बाजू घेतली, आणि १५११ मध्ये पुन्हा फ्लॉरेन्सकडे गेलं. तेव्हा या खांबावरची सिएनाची लांडगी उतरवून तिच्या जागी सिंह बसवला. मूळ सिंह आता संग्रहालयात आहे, खांबावर त्याची प्रतिकृती. पंधरा-सोळा वर्षांत निशाण बदलून आलेल्या त्या माणसांच्या मनात काय चाललं असेल, असं मला तिथे वाटून गेलं. निशाण फिरलं तरी उतारावरच्या वेली त्याच राहिल्या असतील, आणि तोडणी दोन्ही राज्यांत सप्टेंबरातच आली असेल.

थोडं वर बुचेल्ली घराण्याचा वाडा आहे. त्याच्या भिंतीपाशी आम्ही बराच वेळ घालवला. १८ व्या शतकात या घरातल्या पिएत्रो बुचेल्ली यांना जुन्या वस्तूंचा नाद होता. आसपासच्या रानातून निघालेल्या एत्रुस्कन रक्षापेट्या आणि रोमन शिलालेख त्यांनी गोळा केले, आणि त्यातले कितीतरी वाड्याच्या जोत्यात, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या थेट कमरेच्या उंचीला बसवून टाकले. रक्षापेटी म्हणजे मृताची राख ठेवायची दगडी पेटी. दर्शनी बाजूला कोरीव मूर्ती, फुलं, राक्षसाचा चेहरा, आणि काठावर उजवीकडून डावीकडे लिहिलेलं मृताचं नाव. नानांनी तळहातानं एक ओळ चाचपली. ऊन लागून दगड कोमट झाला होता, अक्षरांच्या खाचा अजून बोटाला लागत होत्या. आमच्याकडे मारुतीच्या पाराला वीरगळ टेकवून ठेवलेले असतात, पोरं त्यांच्यावर चढून खेळतात. त्यांच्यावर नाव नसतं. लढाई असते, गाई असतात, वर चंद्रसूर्य असतात, पण मेला तो कोण हे कुणालाच सांगता येत नाही. नाना म्हणाले, "हे बरं केलं. नाव घातलं."

त्यापुढचा मनोरा पुल्चिनेल्लाचा. नेपल्सच्या लोकनाट्यातलं हे सोंगाडी पात्र पत्र्यात मढवून वर उभं केलंय आणि ते तासातासाला घंटेवर टोला देतं. समोर सांत आगोस्तिनो चर्च, त्याची दर्शनी बाजू मिकेलोत्सो या वास्तुकाराची. आम्ही टोल्यासाठी थांबलो, ऐकला आणि निघालो.

या चढणीवर दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी पिंपांची शर्यत होते. गावाच्या आठ आळ्या, त्यांना कोन्त्रादा म्हणतात. प्रत्येक आळीचे दोन गडी सुमारे ८० किलोचं लाकडी पिंप लोळवत किलोमीटरभराच्या वर चढ चढून थेट वरच्या चौकात नेतात. बक्षीस म्हणजे रंगवलेला एक कापडी पट, ब्राव्हिओ. १४ व्या शतकात या पटासाठी घोडे पळायचे, १९७४ पासून पिंपं पळतात. आम्ही महिनाभर उशिरा पोचलो होतो. पण चढ चढताना दर दहा पावलांवर नाना कमरेवर हात ठेवून थांबत आणि म्हणत, "ऐंशी किलो." द्राक्षाचे क्रेट वाहिलेल्या माणसाला त्या आकड्याचं वजन खांद्यावर जाणवतं.

याच वाटेवर पुढे पोलित्सियानो हा कवी जन्मला ते घर आहे. आंजेलो आम्ब्रोजिनी हे त्याचं खरं नाव, जन्म १४५४ चा. तो दहा वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला, पोर फ्लॉरेन्सला आलं, आणि ग्रीक-लॅटिनवरच्या हुकमतीच्या जोरावर फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची याच्या वाड्यात पोचलं. तिथे त्याच्या मुलांना शिकवू लागलं. त्याच्या कवितांचा ठसा बोत्तिचेल्लीच्या चित्रांवर आहे असं कलेचे अभ्यासक सांगतात. मला त्याची एक गोष्ट फार जवळची वाटते. ज्या गावात बापाचं रक्त सांडलं त्याच गावाचं लॅटिन नाव, मोन्स पोलितियानुस, त्यानं आडनाव म्हणून घेतलं, आणि जग त्याला पोलित्सियानो, म्हणजे मोन्तेपुल्चानोकर, म्हणूनच ओळखतं. आपल्याकडे गावावरून आडनाव पडणं हे रोजचंच आहे. पण मुद्दाम, सगळं सोसून, गाव अंगावर घ्यायचं, ही वेगळी माया आहे.

आता वाइनकडे येते.

या गावाच्या पोटात तळघरं आहेत. वर वाडे आणि खाली खडकात खोदलेली, विटांच्या कमानींवर तोललेली भुयारं. आम्ही एका जुन्या वाड्याखाली उतरलो. पायऱ्या ओल्या, हवा थंड, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या दीडपट उंचीची ओकची पिंपं. काळपट लाकूड, लोखंडी पट्टे, पुढच्या बाजूला खडूनं लिहिलेलं साल. एका पिंपाच्या झडपेखाली जांभळा ओघळ वाळून गेला होता. माळकरी माणसाला इथे कसं वाटेल याची मला धास्ती होती. नानांनी पिंपाच्या लाकडाला नाक लावलं. खूप वेळ तसेच उभे राहिले.

"आंबूस नाही गं," म्हणाले. "पावसात शेडवर क्रेट राहिले की जो वास सुटतो तसा असंल वाटलं होतं. ह्यो वास गुळाच्या ढेपेसारखाय. आणि ओल्या मातीचा."

तिथल्या वयस्कर कामगारानं माझ्यासाठी पेल्यात घोटभर ओतली. नानांकडे बघितलं, नानांनी माळेला हात लावून मान हलवली, आणि त्या माणसानं लगेच छातीवर हात ठेवून मान लववली. एका शब्दाचीही गरज पडली नाही. मग त्यानं नानांच्या हातात बाटली दिली, रिकामी, नुसती बघायला. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत होतं: विनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो.

या नावामागे मोठी खटपट आहे. इथे द्राक्षं पिकत होती याचा लेखी पुरावा इसवी सन ७८९ पर्यंत मागे जातो, एका धर्मगुरूनं चर्चला दिलेल्या द्राक्षमळ्याच्या दानपत्रात. १६ व्या शतकात पोप तिसरा पॉल याचा वाइन सांभाळणारा सांते लान्चेरिओ इथल्या वाइनची तारीफ लिहून गेला. पण कौतुकानं नाव टिकत नाही, त्याला कायद्याची मेख लागते. १९६६ मध्ये सरकारनं या वाइनला पहिलं संरक्षण दिलं, आणि १९८० मध्ये इटलीत सर्वांत वरच्या दर्जाची हमी ज्या पहिल्या वाइन्सना मिळाली त्यांत ही होती. नियम कडक आहेत. द्राक्षं याच गावाच्या हद्दीतली, त्यांत निदान ७० टक्के सांजोवेझे हवं. वाइन निदान दोन वर्षं मुरवल्याशिवाय विकायची नाही, रिझेर्वा म्हणायची असेल तर तीन. आणि हेक्टरी ८ टनांच्या वर द्राक्षं घ्यायची नाहीत. सांजोवेझे हे वाण तर सगळ्या तोस्कानात आहे, पण इथले लोक त्याला प्रुन्योलो जेन्तीले म्हणतात. प्रुन्या म्हणजे आलुबुखारा. घरातल्या पोराला घरचं नाव असतं, तसं.

एवढं करूनही नावाला एक पीडा आहेच. इटलीच्या दुसऱ्या किनाऱ्याला, आब्रुत्सो प्रांतात, एक द्राक्षवाण पिकतं आणि त्या वाणाचंच नाव मोन्तेपुल्चानो. या गावाशी त्या द्राक्षाचा काही संबंध नाही, पण त्याची वाइन भरपूर आणि स्वस्त, आणि जगभरच्या दुकानांत दोघींची गल्लत होते. म्हणून आता इथल्या बाटलीवर 'तोस्काना' हा शब्द लिहिणं सक्तीचं झालंय. हजार-बाराशे वर्षांची वहिवाट असलेलं गाव आजही बाजारात उभं राहून सांगतं आहे, मोन्तेपुल्चानो म्हणजे मी, ते द्राक्ष नव्हे.

मी हे सांगत होते आणि नाना बाटलीच्या मानेवरच्या सरकारी पट्टीवरून अंगठा फिरवत होते. प्रत्येक बाटलीचा वेगळा नंबर असतो त्या पट्टीवर. "म्हंजे ही बाटली कुठल्या रानाची, इथपर्यंत मागं जाता येतंय?" मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत. पण मला माहीत होतं ते कुठे गेले होते.

आमच्या बागेच्या द्राक्षाला नाव कधी लागलं नाही. व्यापारी येतो, बागेत फिरतो, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघतो, मण्याची फुगवण बघतो, भाव सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं येतात, तोडतात, पॅकिंग शेडवर नेतात, आणि खोक्यावर छाप त्याचा पडतो. तिथून पुढे आमची द्राक्षं कुठे जातात, आम्हाला कळत नाही. एका वर्षी असाच एक जण सगळा माल उचलून गेला आणि पुन्हा उगवलाच नाही. अर्ध्या बागेचे पैसे बुडाले, माझं त्या वर्षीचं होस्टेलचं भाडं आईच्या पाटल्यांवर भागलं. पण नानांना लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते तेव्हा म्हणाले होते, "पैसे गेले ते गेले. पण ती द्राक्षं कुणी खाल्ली, त्याला ती कुणाची होती हे ठाऊकच नाही." नाशिकच्या द्राक्षाला आता भौगोलिक मानांकन आहे, नाशिक व्हॅलीच्या वाइनलाही आहे, आणि ते मिळवायला झटलेल्यांचे उपकारच आहेत. पण मानांकनाचा कागद आणि पिकवणाऱ्याचं नाव यांच्यामध्ये अजून फार मोठं रान मोकळं पडलंय.

वरच्या चौकात, पियात्सा ग्रान्देत, पोचेपर्यंत दुपार टळली होती. चौक उतरता आहे, आणि चारी बाजूंनी दगडाचे वाडे. नगरपालिकेची इमारत फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्क्योची धाकटी बहीण वाटावी अशी. तीही मिकेलोत्सोचीच रचना. कॅथेड्रलची दर्शनी बाजू मात्र ओबडधोबड राहिलीये. इप्पोलितो स्काल्झानं १६ व्या शतकाच्या अखेरीला काम सुरू केलं, १७ व्या शतकात ते संपलं, पण संगमरवराचा मुलामा कधी चढलाच नाही. मला ती उघडी भिंत आवडली. आत तद्देओ दि बार्तोलोचं १४०१ मधलं भव्य चित्र आहे, मेरीच्या स्वर्गारोहणाचं. खाली प्रेषितांची गर्दी, आणि त्यांतला संत तद्देओ बाकीच्यांसारखा कबरीकडे किंवा आकाशाकडे न बघता सरळ आपल्याकडे बघतो. तो चित्रकाराचा स्वतःचा चेहरा आहे असं मानतात. नावबंधू संताच्या अंगरख्यात शिरून त्यानं सही करून ठेवली.

बाहेर विहीर आहे, १५२० मधली, दोन खांबांवर सिंह, मध्ये मेदिचींची ढाल. नाना विहिरीच्या कठड्यावर बसले. समोर नोबिली-तारुजी वाडा. आणि तिथे मला जे सांगायचं होतं ते मी दिवसभर राखून ठेवलं होतं.

नोबिली हे इथलं घराणं. त्यातला रोबेर्तो दे नोबिली, जन्म १५७७ चा, जेझुइट पंथाचा पाद्री झाला आणि १६०५ मध्ये गोव्याला उतरला. पुढच्या वर्षी मदुरैला गेला, आणि तिथे त्यानं काळा झगा टाकून संन्याशाची भगवी वस्त्रं घेतली. मांस सोडलं, कपाळाला गंध लावलं, तमिळ, तेलुगू, संस्कृत शिकला, तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. गोव्यातल्या त्याच्याच माणसांना ते पटेना. १६१९ मध्ये गोव्यात त्याच्या जानव्या-शेंडीवर मोठी चौकशी बसली, प्रकरण रोमपर्यंत गेलं, आणि १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी यानं त्याच्या बाजूनं कौल दिला. म्हातारपणी त्याची दृष्टी जवळजवळ गेली, आणि १६५६ मध्ये तो मद्रासजवळ मैलापूरला वारला. तो गोव्यात उतरला त्या वेळी फादर स्टीफन्स तिथेच साष्टीत होते. येशूची कथा ते आपल्या मराठीत ओव्यांमध्ये बांधत होते, १६१६ मध्ये ती राशोलला छापली गेली. त्याच १६१६ मध्ये रोममध्ये कार्डिनल बेल्लार्मिनोनं गॅलिलिओला समज दिली की पृथ्वी फिरते असं मानू नकोस. बेल्लार्मिनो याच मोन्तेपुल्चानोत जन्मलेला, आणि दे नोबिलीच्या नात्यातला. एका लहान गावाची दोन माणसं एकाच काळात अशी उलट्या दिशांना ताणलेली. दे नोबिली धर्म पसरवायला आला होता हे मी विसरत नाही. तरी दुसऱ्याचा वेश, जेवण, भाषा पंचेचाळीसहून जास्त वर्षं अंगावर वागवणं, तेही स्वतःच्या माणसांचा रोष पत्करून, याला मी हात जोडते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "गंध लावायचा?" एवढंच विचारलं, आणि वाड्याच्या बंद दाराकडे बघत राहिले.

जेवायला पीची. हातानं वळलेल्या जाड शेवया, आईच्या हातशेवयांच्या तिप्पट जाडीच्या. या खोऱ्यातला थोराड लसूण घालून करतात. पण चातुर्मास होता, म्हणून नानांसाठी नुसत्या टोमॅटोच्या रसातल्या सांगितल्या. त्यांनी दोनदा घेतल्या.

सान ब्याजोचं मंदिर गावाच्या खाली, सरूच्या झाडांच्या वाटेच्या टोकाशी, हिरवळीवर एकटं उभं आहे. थोरल्या अंतोनिओ दा सांगाल्लोनं १५१८ मध्ये त्याला हात घातला. चारी बाजू सारख्या, मध्ये घुमट, सगळं फिक्या मधाच्या रंगाच्या ट्रॅव्हर्टाइन दगडात. दोन मनोरे व्हायचे होते, एकच पुरा झाला. सांगाल्लो १५३४ मध्येच गेला होता. तिथे आत कुणी नव्हतं. नाना घुमटाखाली उभे राहिले, वर बघितलं, आणि हळू आवाजात "विठ्ठल" म्हणाले. घुमटानं तो शब्द घेतला, फिरवला, आणि कितीतरी वेळानं खाली सोडला. पुन्हा म्हणावं की न म्हणावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. नाही म्हणाले. टोपी काढून नमस्कार केला आणि बाहेर आलो.

मंदिरामागच्या उतारावर बाग होती. दोन बायका आणि एक तरुण तोडत होते. मी विचारलं, आत येऊ का? नानांचे हात बघून त्यांनी ओळखलं असावं. तरुणानं कात्री पुढे केली.

नाना गुडघ्यांवर बसले. ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर, तारेला बांधलेला. खुंट आणि कलमाचा जोड त्यांनी बोटानं शोधून काढला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं युरोपभरच्या वेलींच्या मुळ्या खाल्ल्या, तेव्हापासून इथेही अमेरिकन खुंटावरच कलम बांधतात. आमच्याकडे क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिज खुंट वापरतात, तोही तिकडचाच. पानांच्या मागे नानांनी केवडा रोग आहे का बघितलं. एका पानावर निळसर पांढरे ठिपके होते, ते नखानं खरवडून वास घेतला आणि हसले. "बोर्डो. मोरचूद-चुना."

मग घड हातात घेतला. काळा-निळा, वर धुरकट लव, मणी वाटाण्यापेक्षा किंचित मोठे. आम्ही मणी अठरा मिलीमीटरच्या वर जावा म्हणून जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या, बुडवण्या देतो, विरळणी करतो, रात्र रात्र झोपत नाही. इथे मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते, आणि लहान मण्यात रसाला साल जास्त पडते. नानांनी एक मणी तोंडात टाकला. साल जाड, बिया कडक, गोडी खूप आणि मागून तुरट. बिया त्यांनी तळहातावर घेतल्या, रंग बघितला, तपकिरी झाल्या होत्या. तरुणानं जमिनीकडे बोट केलं. वेलीखाली जुलैत छाटून टाकलेले हिरवे घड वाळून पडले होते.

"मुद्दाम टाकले?" नानांनी मला विचारलं. मी हेक्टरी ८ टनांचा नियम पुन्हा सांगितला. ते हिशेब करत राहिले. आमच्याकडे एकरी दहा टन निघाले तर बाग बरी गेली म्हणतात. हे एकरी सव्वातीन. "अर्धी द्राक्षं मातीत टाकायची, का, तर बाटलीवरचं नाव खोटं पडू नये," ते म्हणाले. असं ते कुणाला उद्देशून म्हणत नव्हते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. मोन्तेपुल्चानोच्या उत्पादकांनी आता गावाची हद्दसुद्धा बारा तुकड्यांत वाटलीये. जुन्या काळी जी चर्चं जिथल्या वस्तीची होती, त्या त्या भागाचं नाव बाटलीवर घालायचं. चेर्वोन्यानो, वालियानो, ग्राच्चानो, सान ब्याजो. आज आपण ज्या रानात गेलो ते सान ब्याजोचं. नानांनी खिशातून वही काढली. छाटणी, फवारण्या, पाऊस, सगळं या वहीत असतं, गेली कित्येक वर्षं. मला म्हणाले, "गावाचं नाव लिहून दे, मराठीत." मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून बघितलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गोडी छाटणी सुरू झाली होती, मागे मजुरांचा आवाज, कात्र्यांची टकटक. म्हणाले, या वर्षी व्यापाऱ्याला सांगून बघणार आहे, खोक्यात एक चिठ्ठी टाकू दे. तू कॉम्प्युटरवर करून दे. काय लिहायचं विचारलं, तर वहीत बघून सांगू लागले. आजोबांच्या वेळेपासून आम्ही तुकड्यांना ज्या नावांनी हाक मारतो तीच नावं.

"लिही. विहिरीची बाग. खाली आपलं गाव, तालुका निफाड. दुसरी, चिंचेखालची. तिसरी, लवणातली. लवणातली लिहिताना ण बाणातला, नीट बघ."